मोठेपणी कोणतं काम करशील? आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाची वाट दाखवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवलं. आता आम्ही काही शिक्षक मिळून आसपासच्या शाळांतल्या मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणारी माणसं दाखवायला नेतो, शक्यतो ती कामावर असताना. पालक सभेत, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत, त्यामुळे काही लांबली आहेत.

आठवी-नववीच्या पोरांच्या डोक्यावर करिअरचं ओझं आत्ताच कशाला?

निर्णय घ्यायला आम्ही सांगतच नाही. फक्त ओळख करून देतो.

एक गोष्ट करून बघा. आमच्याकडच्या कुठल्याही मुलाला विचारा, शेतात काय काय कामं असतात? वाफे पाडणं, खुरपणी, ठिबकच्या नळ्या अंथरणं, द्राक्षाची छाटणी, टोमॅटोची प्रतवारी, नारायणगावच्या बाजारात क्रेट लावणं, असं तो दहा मिनिटं बोलेल. कोणतं काम कोणाला जमतं, कशात पाठ दुखते, कशात पैसा आहे, हेही सांगेल. आता त्यालाच विचारा, विज्ञानात कोणती कामं असतात? डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ. चौथं नाव येत नाही. मूल हुशार नाही असा याचा अर्थ नाही. शेतातली कामं त्याने रोज पाहिली आहेत, ही पाहिलेली नाहीत. आणि जे पाहिलेलं नाही त्याची आवड लागणार कशी? दहावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत शाखा निवडायची वेळ येते. तेव्हा ओळख करून द्यायला वेळ उरत नाही, म्हणून आठवीपासून.

तुम्ही मुलांना दरवर्षी खोडदलाच का नेता?

ते जवळ आहे, हे पहिलं कारण. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरून आत वळलं की थोड्याच वेळात उसाच्या आणि कांद्याच्या शेतांमधून त्या पांढऱ्या तबकड्या दिसायला लागतात. ही जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मधल्या चौकात दाटीने उभ्या आहेत, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, आजूबाजूच्या गावांच्या शिवारात. त्यामुळे सगळा पसारा २५ किलोमीटरपर्यंत जातो. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणासाठी वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. आमची मुलं मात्र तिच्या सावलीत गुरं चारतात आणि ती कशासाठी आहे हे त्यांना माहीत नसतं. हे मला वर्षानुवर्षं टोचत आलं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तबकडीखाली उभं राहिलं की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "सर, ही तर नुसती जाळी आहे. यातून सगळं गळून जाईल की." उत्तम प्रश्न! मग आम्ही तिथेच बसतो. ही दुर्बीण ज्या लहरी पकडते त्यांची लांबी साधारण २० सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत आहे. जाळीची भोकं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची. एवढ्या लांब लहरीला ती भोकं जाणवतच नाहीत, तिच्या लेखी तो सलग आरसा असतो. वारा मात्र जाळीतून आरपार जातो, त्यामुळे तबकडी हलकी करता आली, सांगाडा स्वस्तात उभा राहिला. भारतीय अभियंत्यांनी पोलादी दोर ताणून त्यावर बारीक तारांची जाळी बसवली. एका भोकाच्या प्रश्नातून लहरी, आरसा, वारा आणि पैसा असं सगळं निघतं. पुस्तकातल्या तरंगलांबीच्या धड्याने वर्गात हे कधी जमलं नाही.

तिथे आमचा एक नियम आहे. मुलांनी फक्त तबकड्या मोजायच्या नाहीत, माणसंही मोजायची. ही तबकडी आज चालू राहावी म्हणून कोण कोण राबतं, याची यादी करायची. खगोलशास्त्रज्ञ, इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते, संगणकाची माणसं, तबकडी फिरवणाऱ्या मोटारी सांभाळणारे तंत्रज्ञ, वेल्डर, रंगारी, जनरेटर बघणारे इलेक्ट्रिशियन, ग्रंथपाल. मोबाईल बंद ठेवायला का लावतात हेही तिथेच कळतं. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की खिशातल्या फोनचा गोंगाट त्याला बुडवून टाकतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या यादीत २३ कामं होती. तिने शेवटचं लिहिलं होतं, 'शेजारच्या गावात फोन कमी वापरा असं समजावणारा माणूस'.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, तिथे मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि शाळा-कॉलेजांचे प्रकल्पही मांडले जातात. गर्दी प्रचंड असते. प्रदर्शन बघायचं तर तेव्हा जा, पण निवांत बोलायचं असेल तर आधी पत्र देऊन वेगळा दिवस मागा.

खोडद आमच्यापासून लांब आहे. आम्ही कुठे जायचं?

महाराष्ट्रात अशी ठिकाणं भरपूर आहेत, फक्त सहलीच्या यादीत ती नसतात. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. ती पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली आणि इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, नागपुरात रमण विज्ञान केंद्र, पिंपरी-चिंचवडला सायन्स पार्क, गोव्यात मिरामारचं विज्ञान केंद्र. ही झाली मुलांसाठी बांधलेली ठिकाणं.

मला स्वतःला जिथे खरं काम चालतं ती ठिकाणं जास्त आवडतात. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संस्था आहे. मांजरीला द्राक्षांची, सोलापुरात डाळिंबाची, नागपुरात कापसाची आणि लिंबूवर्गीय फळांची. बारामतीजवळ माळेगावला दुष्काळ, क्षार, उष्णता असे ताण पिकं कशी सोसतात यावर काम चालतं. खडकवासल्याला जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यात खरं पाणी सोडतात. १९१६ पासून ते काम चालू आहे. गोव्यात दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था. यातल्या बहुतेक ठिकाणी शाळेच्या लेटरहेडवर रीतसर परवानगी मागितली तर भेटीची सोय होते. तेही जमत नसेल तर तालुक्याचं माती परीक्षण केंद्र, दूध संघाची प्रयोगशाळा किंवा महावितरणचं उपकेंद्र. दूध संघात फॅट काढणाऱ्या ताईंनी आमच्या मुलांना तासभर जे शिकवलं, ते मी वर्षभरात शिकवलं नव्हतं.

शास्त्रज्ञ दिवसभर नक्की करतो काय?

मुलांच्या डोक्यात पांढरा कोट आणि धूर निघणारी चंचूपात्रं असतात. खऱ्या दिवसात मोजणं असतं, पुन्हा मोजणं असतं, यंत्र का बिघडलं ते शोधणं, दुसऱ्यांनी काय केलंय ते वाचणं, संगणकावर आकडे तपासणं, सहकाऱ्यांशी वाद घालणं आणि लिहिणं. लिहिणं फार! आणि बराच काळ अपेक्षेसारखं काहीच न घडणं. हे मुलांपासून लपवू नये असं माझं ठाम मत आहे. एका संशोधक ताईंनी आमच्या वर्गात सांगितलं होतं की त्यांचा एक प्रयोग आठ महिने फसत होता, शेवटी कारण निघालं पाण्यातल्या क्षाराचं. मागच्या बाकावरचा एक मुलगा एकदम ताठ बसला. नंतर मला म्हणाला, "म्हणजे चुकलं तरी ते काढून टाकत नाहीत?"

दहावीनंतर सायन्स घेतलं नाही तर या क्षेत्राची दारं बंद होतात का?

नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दहावीनंतर एक वाट आयटीआयची. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक असे ट्रेड. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. दुसरी वाट दहावीनंतर सरळ तीन वर्षांचा डिप्लोमा. तो झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. म्हणजे आयटीआय, डिप्लोमा, पदवी असा जिना आहे, आणि दर पायरीवर थांबून नोकरीही करता येते. तिसरी वाट अकरावी-बारावी सायन्स. त्यातही बायफोकल घेतलं तर इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स किंवा पीकशास्त्रासारखा दोनशे गुणांचा विषय मिळतो. हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलांना तो मानवतो.

इस्रोचं नाव काढलं की सगळ्यांना शास्त्रज्ञच आठवतो. पण इस्रोत आयटीआय झालेल्यांची तंत्रज्ञ म्हणून भरती होते, डिप्लोमावाल्यांची तांत्रिक साहाय्यक म्हणून आणि इंजिनिअरिंगच्या पदवीधरांची शास्त्रज्ञ-अभियंता म्हणून. अग्निबाणाचा एक सांधा जोडायला हे तिघेही लागतात. भाभा अणुसंशोधन केंद्रही आयटीआय, डिप्लोमा आणि बीएस्सी झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन शिकाऊ म्हणून घेतं.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन बाहू, प्रत्येक चार किलोमीटर लांब, आणि त्यांच्या आतल्या पोलादी नळ्यांत जवळजवळ पूर्ण निर्वात. एवढ्या लांबीत एका जोडातून सुईच्या अग्राएवढी गळती झाली तरी मोजमाप बिघडतं. तिथे हात न थरथरणारा वेल्डर हा विज्ञानाचाच माणूस आहे. मराठवाड्यातल्या आयटीआयच्या मुलांना हे कोणीतरी जाऊन सांगायला हवं.

मुलाचं गणित कच्चं आहे. विज्ञान सोडून द्यावं का?

आधी कच्चं म्हणजे काय ते बघा. माझ्या अनुभवात दहापैकी सात मुलांचं गणित कुठेतरी पाचवी-सहावीत, अपूर्णांकापाशी तुटलेलं असतं. नववीत बीजगणित येत नाही म्हणून शिकवणी लावतात आणि तुटलेली जागा तशीच राहते. तीन महिने रोज अर्धा तास अपूर्णांक, गुणोत्तर आणि टक्केवारी एवढंच करून बघा. स्वयंपाकघरातलं माप, खताचं प्रमाण, फवारणीचं द्रावण, काहीही घ्या.

या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. एका मुलीला वनस्पतींचं वेड होतं. गणितात तिला गुण कमी पडायचे. मी तिला अकरावीला गणित सोडून फक्त जीवशास्त्र घ्यायला सांगितलं. पुढे तिला पिकांच्या संशोधनात जायचं झालं, तेव्हा संख्याशास्त्राशिवाय एक पाऊल पुढे टाकता येईना. दोन वर्षं झगडून तिने ते भरून काढलं, पण तो झगडा माझ्या सल्ल्यामुळे तिच्या वाट्याला आला. तेव्हापासून मी सांगतो, जमत असेल तर अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. आजचं जीवशास्त्र आकड्यांनी भरलेलं आहे.

मराठी माध्यमातल्या मुलाचं पुढे कसं होणार?

डॉ. रघुनाथ माशेलकरांचा जन्म गोव्यातल्या माशेल गावचा. लहानपणीच वडील गेले, आई त्यांना घेऊन मुंबईत आली. महापालिकेच्या मराठी शाळेत आणि मग गिरगावच्या युनियन हायस्कूलमध्ये ते शिकले. तिथे भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्वक्र भिंगाने कागद जाळून दाखवला, ही आठवण माशेलकर आजही सांगतात. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि १९९५ पासून सीएसआयआरचे, म्हणजे देशभरच्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या परिषदेचे, महासंचालक. मराठीत समजलेलं भिंग पुढे कुठे अडलं नाही.

पण मुलांना खोटा दिलासा देऊ नये. पुढचा अभ्यास बहुतांशी इंग्रजीतच आहे. म्हणून आठवीपासून एक सवय लावा: प्रत्येक धड्यातले दहा पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत वहीत. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, विद्राव्यता म्हणजे सॉल्युबिलिटी. तीन वर्षांत हजारभर शब्द होतात आणि अकरावीतला पहिला धक्का पचतो. जेईई मेन आणि नीट या परीक्षा मराठीतूनही देता येतात. आपल्या सीईटीतही भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीत मिळतात, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीत असतो. संकल्पना मराठीत पक्की झालेल्या मुलाला शब्द बदलणं सोपं जातं. इंग्रजीत पाठ केलेल्या मुलाला संकल्पना मिळवणं अवघड जातं, हे मी वर्गावर्गात पाहिलंय.

मुलगी हुशार आहे, पण एवढ्या लांब कशी पाठवायची?

हा प्रश्न विचारणाऱ्या वडिलांची काळजी खरी असते, त्यामुळे मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांना कमला सोहोनींची गोष्ट सांगतो. माहेरच्या त्या भागवत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने घेऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून अर्ज नाकारला गेला. त्या थेट बंगळुरूला जाऊन धडकल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचं काम बघून त्या संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. परत आल्यावर दूध, डाळी आणि नीरा यांतल्या पोषणमूल्यांवर काम केलं, आदिवासी मुलांच्या कुपोषणाचा विचार करून. नव्वद वर्षांपूर्वी ती मुलगी एकटी बंगळुरूला गेली. आता तर वसतिगृहं आहेत, फोन आहेत, सोबत शिकणाऱ्या मुली आहेत.

पैशाचंही सांगतो. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. शिवाय तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी केंद्राची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५० हजार रुपयांची. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे कागद बारावीच्या निकालाआधी तयार ठेवा. गेल्या वर्षी एका मुलीचा अर्ज केवळ दाखला वेळेवर न मिळाल्याने अडकला, आणि ती महिनाभर तहसीलच्या चकरा मारत होती.

अजून एक. मुलीला विज्ञानाच्या ठिकाणी घेऊन जाल तेव्हा तिथल्या एखाद्या बाईमाणसाशी तिची गाठ घालून द्या. अर्धा तास पुरतो.

संशोधनात कमाई सुरू व्हायला तिशी उजाडते म्हणे?

पूर्ण तसं नाही. मूलभूत विज्ञान शिकायला पुण्यात आयसर ही केंद्र सरकारची संस्था आहे, २००६ मध्ये सुरू झालेली. बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम, प्रवेशासाठी वेगळी परीक्षा, तिच्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित असे चारही विषय. देशात अशा सात आयसर आहेत. भुवनेश्वरची नायझर आणि मुंबईची सीईबीएस या अशाच मूलभूत विज्ञानाच्या संस्थांसाठी नेस्ट ही परीक्षा असते. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाला जाणाऱ्या मुलांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजारांची. त्यातले काही पैसे उन्हाळी प्रकल्पासाठी असतात.

पीएचडी करताना नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहेत. म्हणजे तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी मूल स्वतःच्या पायावर उभं असतं, फक्त शिकतही असतं. सरकारी संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून लागला तर सातव्या वेतन आयोगानुसार मूळ पगार ५६,१०० रुपये, त्यावर भत्ते. आयटीआयवरून इस्रोत तंत्रज्ञ लागला तर मूळ २१,७०० पासून. मात्र जागा कमी आणि स्पर्धा मोठी आहे, हेही मुलांना त्याच बैठकीत सांगावं. घरची परिस्थिती खरोखर ताणाची असेल तर आधी डिप्लोमा, नोकरी आणि मग पुढचं शिक्षण, ही वाट मी स्वतः सुचवतो.

शाळेत असतानाच देता येतील अशा परीक्षा किंवा स्पर्धा कोणत्या?

सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांचं मंडळ ती घेतं आणि मराठीतूनही देता येते. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधन आणि मुलाखत. पदक मिळो न मिळो, प्रात्यक्षिकाच्या तयारीत मुलाच्या हाताला वळण लागतं. नववीच्या मुलांसाठी इस्रोचा युविका हा दोन आठवड्यांचा वर्ग २०१९ पासून असतो. निवडीत ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्यांना वेगळे गुण मिळतात, पण ग्रामीण शाळांमधून अर्जच जात नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. इन्स्पायर मानक या केंद्राच्या योजनेत मुलाची कल्पना निवडली गेली तर नमुना बनवायला दहा हजार रुपये मिळतात. त्यासाठी शाळेने ऑनलाइन नोंद करायची असते. मुख्याध्यापकांच्या मागे लागा. ज्यांना खरोखर झेप घ्यायची आहे त्यांच्यासाठी विज्ञान-गणिताच्या ऑलिम्पियाड स्पर्धा आहेत, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र त्यांचं मुख्य केंद्र आहे.

शाळेत प्रयोगशाळा नाही, किंवा आहे पण कुलपात आहे.

कुलूप आधी उघडा. फुटलेल्या परीक्षानळीचा जाब शिक्षकाला द्यावा लागू नये, एवढी काळजी संस्थेने घेतली तरी निम्मं काम होतं.

साहित्यच नसेल तर टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची खेळणी आहेतच. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर भूमिती शिकवता येते. सहावीच्या वर्गात मी नेहमी मोटार करायला लावतो. एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि इनॅमल लावलेली तांब्याची तार. तारेचं वेटोळं करायचं, एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकाचं फक्त एका बाजूने. दोन्ही पूर्ण खरवडली तर वेटोळं थरथरून थांबतं. का थांबतं? हा प्रश्न मी कधीच सांगून टाकत नाही. दोन-तीन दिवसांनी कोणीतरी धावत येतं: "सर, अर्धा वेळ करंट बंद व्हायला पाहिजे, नाहीतर चुंबक त्याला मागे ओढतं!" त्या दिवशी त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

मोठ्या मुलांसाठी शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघा. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातलं काम सोडून तिथे आले आणि १९८३ मध्ये आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली पोरं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, आरोग्य असं सगळं करत करत विज्ञान शिकली. 'हाताने शिकणं' हा शब्द आज सगळीकडे ऐकू येतो. तिथे तो चाळीस वर्षं रोजच्या कामात आहे.

मुलांशी बोलायला कोणाला बोलवावं?

फक्त मोठी नावं नकोत. मोठ्या पदावरचा पाहुणा आला की सत्कार, शाल, श्रीफळ यात तास जातो आणि मुलं टाळ्या वाजवून घरी जातात. त्यापेक्षा रक्त तपासणाऱ्या लॅबमधला डीएमएलटी हा लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा झालेला दादा, गुरांचे डॉक्टर, चाकणच्या कारखान्यात मोजमाप विभागात काम करणारी गावातलीच मुलगी, ड्रोनने फवारणी करणारा तरुण. जमिनीवर गोल करून बसायचं. आमची मुलं प्रत्येक पाहुण्याला तीन प्रश्न विचारतात: आज सकाळपासून तुम्ही काय काय केलंत? या कामात कंटाळा कशाचा येतो? तुमच्याकडून चूक झाली तर काय होतं? तिसऱ्या प्रश्नाला लोक सर्वांत मनापासून बोलतात.

डॉ. जयंत नारळीकर मुलांना सही देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न पाठवा, उत्तर सहीनिशी पाठवतो, असं सांगत. आम्हीही तसंच करतो, पाहुणा गेल्यावर प्रत्येक मुलाकडून एक प्रश्न लिहून घेतो आणि त्या पाहुण्याला पाठवतो. बहुतेकांची उत्तरं येतात.

आठवीपासून जेईई-नीटचा फाउंडेशन क्लास लावावा का?

माझं उत्तर नाही. अकरावीत लागेल तेवढं लावा. तेरा-चौदाव्या वर्षी संध्याकाळचे तीन तास पर्याय निवडण्यात गेले तर मोटार खोलून बघायला, ओढ्यावर जायला, वाचायला वेळ राहत नाही. तो वेळ पुढे विकत मिळत नाही.

सगळं एआय करणार असेल तर ही कामं उरतील का?

काही बदलतील, काही जातील, नवी येतील. कोणती, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ज्याला स्वतः मोजता येतं, त्याला यंत्राने दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे ओळखता येतं. म्हणून आम्ही एक खेळ घेतो: एआयला आपल्या गावच्या विहिरीबद्दल, पिकाबद्दल विचारायचं आणि उत्तरातल्या चुका प्रत्यक्ष जाऊन शोधायच्या. मुलं त्यात फार रमतात.

माझ्या मुलाला यातलं काहीच आवडत नाही. काय करू?

मग त्याला चित्रं काढू द्या, गाऊ द्या, दुकान चालवू द्या. आवड नसलेलं मूल विज्ञानात ढकलणं हा त्याच्यावर अन्याय आहे. फक्त नावड विज्ञानाची आहे की शिकवण्याच्या पद्धतीची, एवढं एकदा तपासा. वर्गात जांभया देणारा एक मुलगा आमच्याकडे होता. बंद पडलेला पंप सुरू करायला मात्र सगळी वाडी त्यालाच बोलवायची.

आमच्या शाळेत सुरुवात करायची आहे. पहिला महिना काय करू?

पहिल्या आठवड्यात मुलांना आपापल्या गावात फिरून विज्ञान-तंत्रज्ञानाशी संबंध असलेलं काम करणारी माणसं शोधायला लावा. वायरमन, चष्म्याचं दुकान, कृषी सेवा केंद्र, एक्स-रे काढणारे, मोबाईल दुरुस्ती, पाणीपुरवठ्याच्या टाकीत क्लोरीन मिसळणारे काका. यादी भिंतीवर लावा. दुसऱ्या आठवड्यात त्यातला एक माणूस वर्गात. तिसऱ्या आठवड्यात एका जवळच्या ठिकाणी भेट, तीस मुलांपेक्षा जास्त नेऊ नका, कारण मागच्या मुलांना काही ऐकू येत नाही. परवानगीचं पत्र महिनाभर आधी, त्यात मुलांची इयत्ता, संख्या आणि त्यांना काय बघायचं आहे हे स्पष्ट लिहा. पालकांचं संमतीपत्र, एक शिक्षिका बरोबर, पाण्याच्या बाटल्या, आणि प्रत्येकाकडे वही-पेन्सिल. परत आल्यावर निबंध लिहून घेऊ नका. प्रत्येकाला एकच विचारा: तिथे तू कोणाच्या जागी उभा राहिला असतास, आणि का? ती उत्तरं जपून ठेवा. दहावीचा निकाल लागला की त्या वह्या काढून मुलाच्या हातात द्यायच्या.